पुसायची प्रभातफेरी

मुलाणीबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी बावधनच्या घरी मटकी निवडत बसले होते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी दोन ओळी टाकल्या. एरवी अशा वेळी हात जोडलेल्या चित्रांची जी रांग लागते, ती लागलीच नाही. त्याऐवजी प्रश्न आले. ‘तुला कुणी सांगितलं?’ ‘घरच्यांशी बोललास का?’ ‘खात्री होईपर्यंत पुढं पाठवू नका.’ मग एकानं पौडला बाईंच्या घरी फोन केला, त्यांच्या यजमानांशी बोलला आणि त्यानंतरच लिहिलं, ‘खरं आहे. पहाटे, झोपेतच.’ मला रडू फुटलं, आणि त्या रडण्यातच हसूही आलं. बाईंच्या पोरांनी बाईंच्या मरणावरसुद्धा चौकशी केल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता. बाई असत्या तर त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

रझिया मुलाणी आमच्या शाळेत संगणक शिकवायच्या आणि मी मराठी. शाळा पौडपासून आत, एस.टी. जिथून मागं वळते त्या गावात. संगणकांची खोली होती, पण संगणक नव्या नवरीसारखे कायम झाकलेले आणि वीज सदा माहेरी गेलेली. बाईंनी आल्या आल्या ओळखलं की इथं शिकवायचा तो फोन. तो घरोघरी येऊन बसला होता, पण त्याच्याशी वागायचं कसं हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच तासाला त्यांनी कुणालाही काही न विचारता फळ्यावर एक शब्द लिहिला. गावदेवाचं नाव, आणि त्यापुढं एक-दोन-तीन. अर्ध्या वर्गाचे चेहरे उतरले. बाई म्हणाल्या, “देव सगळ्यांचा एक असावा, चांगलं हाय. पर कुलपं सगळ्यांची एकाच किल्लीनं उघडत्यात, त्याचं काय?” त्या दिवशी घरी जाऊन पोरांनी आपले तर बदललेच, आईबापांचेही पासवर्ड बदलून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी निम्मं गाव फोन उघडेना म्हणून शाळेच्या फाटकात उभं. बाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. स्वतःचा विनोद पूर्ण व्हायच्या आधीच त्यांना हसू यायचं, त्यामुळे त्यांचे कितीतरी विनोद मला आजतागायत अर्धेच माहीत आहेत.

मला त्या ‘बावधनकर’ म्हणायच्या. मी स्कूटरवरून तिथून यायचे, एवढाच माझा गुन्हा. माझ्या डब्यातली पोळी बाजूला सारून भाजी तेवढी खायच्या आणि वर म्हणायच्या, “शहरात मीठ महाग झालंय वाटतं!” पण ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा पहिला डबा माझाच असे. अशा माणसाशी भांडायलाही मजा येते. मी खऱ्या अर्थानं त्यांच्याशी एकदाच भांडले, ते ऋतुजाच्या वेळी.

ऋतुजा आमच्या नववीतली मुलगी. शाळेच्या संमेलनात लावणीवर अशी नाचली की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. काही दिवसांतच तिच्या नाचाचा एक तुकडा गावभर फिरू लागला. मधलाच कापलेला, भलतंच गाणं चिकटवलेला, वर एक घाण ओळ. पोरगी शाळेत यायची थांबली. तिचे वडील सोपानराव यांनी निरोप धाडला, “धावी-बिवी काय न्हाई आता. आत्याकडं धाडतो, पुढच्या वर्षी उजवून टाकतो.” शाळेनं रीतसर तक्रार दिली, पण तक्रारीनं लोकांच्या फोनमधला तुकडा जाणार नव्हता, आणि तो तिथं आहे तोवर सोपानराव मुलीला उंबरा ओलांडू देणार नव्हते.

बाईंनी तोडगा काढला तो ऐकून मी कपाळाला हात लावला. सव्वीस जानेवारीला काढतो तशी प्रभातफेरी काढायची, घरोघरी जायचं आणि लोकांसमोर उभं राहून तो व्हिडिओ पुसायला लावायचा. मी म्हटलं, “अहो, ज्यांनी बघितला नाही त्यांनाही कळेल! आगीत तेल ओतताय तुम्ही.” चांगलीच जुंपली आमची. शेवटी बाई म्हणाल्या, “तुमी नि मी कोण ठरवनार? अब्रू तिची हाय. तिला इचारू.” सोपानराव शेतावर असताना आम्ही दोघी गेलो. ऋतुजानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, बघायचं कुनी राह्यलंच न्हाई. पुसायचंच राह्यलंय. मी म्होरं चालते.”

आणि सकाळी सोपानराव शेतावर गेले तशी ती घराबाहेर पडली नि पुढं चालली. मागं सगळी शाळा. ना झेंडा, ना घोषणा. दारात गेलं की तीच सांगायची, “माझा व्हिडिओ आला आसंल तर पुसता का?” पहिल्या घरी तिचा आवाज फुटेना, पण आळीच्या टोकाला पोचेपर्यंत ती कुणाच्याही डोळ्यांत बघून बोलत होती. आज्या म्हणायच्या, “मला कुटं येतंय पुसायला, बाये, तूच पूस.” एक आजोबा तंबाखू मळत म्हणाले, “म्या नुस्ता बघितला, कुनाला धाडला न्हाई.” बाई म्हणाल्या, “बघून झाला न्हवं? मग आता पुसा.” त्यांच्या फोनमध्ये सुप्रभातच्या फुलांचा असा ढीग होता की पोरांनी तोही उपसून टाकला. फोन पळायला लागला. दुसऱ्या दिवशी आजोबा पाच-सहा दोस्त घेऊन शाळेत हजर, “आमचंबी पुसा.” महिनाभर मधल्या सुट्टीत हा उद्योग चालला होता, आणि त्या गर्दीत बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर.

फेरीचं शेवटचं घर ऋतुजाचंच. सोपानराव दारात उभे. आम्हाला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. त्यांनी पोरांकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं आणि एकदम खालीच बसले. “मीच टाकला हुता गावाच्या ग्रुपवर,” ते म्हणाले. “पोरगी लई ग्वाड नाचली, म्हटलं बघू द्या लोकान्ला… तितनंच कुनीतरी कापला.” मग मला कळलं की त्यांचा सगळा राग मुलीवर नव्हताच. बाई त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर टेकल्या. “दादा, कौतिक करायला बापाला बंदी न्हाई. फकस्त तिला इचारायचं हुतं.” सोमवारी ऋतुजा शाळेत आली. आता ती कॉलेजात आहे.

बाईंच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी पौडला गेले. स्टँडजवळ त्यांच्या यजमानांचं बांगड्या-कटलरीचं दुकान आहे आणि मागं घर. जेवणं झाल्यावर आम्ही दुकानातच बसलो. ऋतुजा आणि सोपानरावही होते. मुलाणीभाई म्हणाले, “फोटो हायेत हो. पर हिचा हलता-बोलता व्हिडिओ एकबी न्हाई. सगळ्यांना फोन शिकवत ऱ्हायली नि सोता कदी त्यात आली न्हाई.” सोपानराव चुळबुळले. मग त्यांनी फोन काढला. “म्या समद्यांच्या देखत तुकडा पुसला… पर ह्यो, माज्या हातानं काढल्याला, पुसवला न्हाई.”

पडद्यावर ऋतुजा नाचत होती. आणि स्टेजच्या कडेला, पडद्याचा दोर एका हातात धरून, आपल्याला कुणी बघत नाही अशा खात्रीनं, बाईही नाचत होत्या. प्रत्येक ठेका किंचित उशिरा. हसत, स्वतःवरच. मुलाणीभाई फोनवर इतके वाकले की त्यांचा चष्मा काचेला लागला.

“मला द्याल का ह्यो?” त्यांनी विचारलं.

सोपानरावांचा अंगठा पुढं गेला आणि थांबला. त्यांनी लेकीकडं पाहिलं. “धाडू का गं?”

ऋतुजा डोळे पुसत म्हणाली, “धाडा, आण्णा. आख्खा धाडा.”

गल्ल्यावर ठेवलेला भाईंचा फोन वाजला.