इन्स्पेक्शनच्या आधी उतू गेलेलं दूध

हसणार असाल तर आधी चहाचे कप खाली ठेवा, नाहीतर माझ्या गालिच्यावर सांडाल. कारण हा गाढवपणा मी साध्यासुध्या दिवशी केलेला नाही. डोक्यावर छप्पर येणार की नाही हे ज्या दिवशी ठरणार होतं, नेमका तोच दिवस मी गाठला.

तेव्हा मी पिस्कॅटवे गावात केतकीच्या सोफ्यावर राहत होते. केतकी म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. आई गेली, बाबा दुसऱ्या संसारात रमले, आणि बाविसाव्या वर्षी मी एका सुटकेसनिशी अमेरिकी सरकारच्या मदतीवर आले. खाण्यासाठी फूड स्टॅम्पचं कार्ड आणि घरासाठी व्हाउचर. म्हणजे भाड्याचा मोठा भाग सरकार परस्पर घरमालकाला देणार. यात लाजायचं काय? मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी विचारलं, "सध्या काय करतेस गं?"

"सरकारी पैशावर घर शोधतेय काकू. तुमचं बेसमेंट रिकामं आहे ना?"

काकूंना एकदम प्रसादाच्या रांगेत कुणीतरी ओळखीचं दिसलं.

घरमालकांचंही तेच. फोनवर सगळं गोडीगुलाबीनं चालायचं, पण 'व्हाउचर' म्हटलं की खोली आत्ताच गेलेली असायची. असं नाकारणं इथे बेकायदा आहे हे मी प्रत्येकाला ठणकावून सांगायचे. खोली मिळायची नाही, पण त्या दिवशी जेवण तरी गोड लागायचं.

इकडे व्हाउचरची मुदत संपत आली होती. एकदा वाढवून झाली होती, पुन्हा वाढणार नव्हती. त्यात केतकीचे आईबाबा रविवारी पुण्याहून यायचे होते. म्हणजे सोफा त्यांचा, आणि मी माझ्या खटारा गाडीच्या मागच्या सीटवर. हिवाळा तोंडावर आला होता. बाहेरून कितीही तोरा मिरवला तरी आतून माझी पार तंतरली होती.

आणि मग फ्रँक भेटला. रिटायर्ड प्लंबर, तिरसट म्हातारा. स्वतः खाली राहायचा आणि वरचा मजला भाड्यानं द्यायचा. व्हाउचर म्हटल्यावर म्हणाला, "सो? सरकार वेळेवर पैसे देतं. आधीचा भाडेकरू तेवढंही करत नव्हता."

आता एकच पायरी उरली होती. सरकारी इन्स्पेक्टर येऊन घर तपासणार, आणि घर पास झालं तरच व्हाउचर चालणार. त्या सकाळी फ्रँकनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "मला यायला थोडा उशीर होईल. इन्स्पेक्टरबाईंना दार उघड. आणि प्लीज, कशालाही हात लावू नकोस."

मी कशाला हात लावतेय? मी फक्त दूध उतू घालवणार होते.

असं बघू नका माझ्याकडे. भाड्याचं का होईना, नव्या घरात सामान यायच्या आधी आई शेगडीवर दूध ठेवायची आणि ते खुशाल उतू जाऊ द्यायची. म्हणायची, आता हे घर आपलं झालं. आम्ही किती घरं बदलली, पण दूध कधी चुकलं नाही. आणि आता माझं स्वतःचं पहिलं घर, त्यात माझ्याआधी पाऊल कुणाचं पडणार, तर क्लिपबोर्डवाल्या बाईचं? ते मला मंजूर नव्हतं. केतकीचं पातेलं, दोन कप, चहापत्ती आणि फूड स्टॅम्पवरचं दूध घेऊन मी चांगली तासभर आधी पोचले.

दूध ठेवलं आणि वाट बघत बसले. तुम्हाला माहितीच आहे, बघत बसलं की दूध काही केल्या वर येत नाही. मग मी खिडकीपाशी गेले. इथे पलंग, तिथे आईचा फोटो, असं मनातल्या मनात घर लावत बसले. फोटोची जागा ठरते न ठरते तोच मागून चर्रर्र आवाज आला.

आईची शेगडी गॅसची होती. ही इलेक्ट्रिक, कॉइल लालबुंद तापलेली. दूध त्यावर पडलं आणि असा काळा, करपट धूर उठला की घर आपलं होण्याऐवजी घर जातंय असं वाटलं. त्यात स्मोक अलार्म बोंबलायला लागला. मी खिडकी उघडली, ओढणीनं वारा घातला, अलार्मला मराठीत शिव्या दिल्या. शेवटी ओट्यावर चढले, अलार्म उघडला आणि त्याची बॅटरी काढून खिशात टाकली.

शांतता. आणि बेल वाजली.

इन्स्पेक्टरबाई दारातच थांबल्या. नाक आक्रसून म्हणाल्या, "आत काय झालंय?"

"रिलिजस सेरेमनी," मी ताठ मानेनं सांगितलं. या देशात धर्माला कोणी हात लावत नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं.

बाईंनी नळ बघितले, खिडक्या बघितल्या. तेवढ्यात फ्रँकही आला आणि शेगडीकडे बघून मटकन खालीच बसला. मग बाईंनी क्लिपबोर्ड छताकडे नेला आणि त्याच्या टोकानं अलार्मचं बटण दाबलं. आवाज नाही. परत दाबलं. नाही.

"फेल," त्या म्हणाल्या.

"अशक्य!" फ्रँक ओरडला. "मी कालच नवी बॅटरी घातलीय."

ती नवी बॅटरी माझ्या मांडीला टोचत होती. गप्प राहिले असते तर दोष फ्रँकच्या माथी आणि मी गाडीत. मी खिशातून बॅटरी काढून हातावर ठेवली.

"घर फेल करू नका. फेल करायचं तर मला करा," मी म्हटलं. "तुम्ही खाली गाडी लावत होतात ना? तेव्हा काही ऐकू आलं?"

"अख्ख्या गल्लीला ऐकू आलं."

"मग अलार्म चालतो की नाही?"

बाई म्हणाल्या, "असं चालत नाही. माझ्यासमोर वाजायला हवा."

"वाजवते. वाजल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

सरकारी माणसाला असं बोलतात का? पण मागची सीट आठवली की माझी जीभ ऐकत नाही. पुन्हा ओट्यावर चढले आणि बॅटरी बसवली. धूर अजून होताच. बटणाला बोटही लागलं नाही, अलार्म कानाशीच असा किंचाळला की मी ओट्यावरून थेट फ्रँकच्या अंगावर.

बाईंनी कान झाकले आणि ओरडून सांगितलं, "पास!"

त्या गेल्यावर फ्रँक शेगडी खरवडत बसला. "तुम्ही लोक हे रोज करता?"

"नाही. एका घरात एकदाच."

त्यानं करपलेलं दूध आणखी थोडं खरवडलं. मग म्हणाला, "तर मग इथेच राहा बरीच वर्षं."

 मी रडणारी नव्हे. म्हटलं, "बस फ्रँक, तुला खरा इंडियन चहा पाजते," आणि पातेल्यात बघितलं. दुधाचा थेंब नव्हता. सगळं तर शेगडीवर.

आता कबूल कसं करणार? कोरा चहा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "आमच्याकडे असाच पितात."

तेव्हापासून दर रविवारी फ्रँक मला खाली बोलावतो आणि मोठ्या प्रेमानं खरा इंडियन चहा करून देतो. कडू, काळा, कपभर. मी काय करते? मुकाट्यानं पिते आणि वर म्हणते, अगदी आईच्या हातचा झालाय.