ओलं मीठ वर

माझ्या सासऱ्यांची मिठाची रास इतकी देखणी असायची, की नवी सून म्हणून मुर्ध्याला आले तेव्हा मला वाटायचं, हिच्या टोकावर कोळशाचा तुकडा ठेवावा, नाहीतर दृष्ट लागेल. पांढरीशुभ्र, खालून वर निमुळती, उन्हात बघवायची नाही. आणि पोटात चिखल.

आत करडं, ओलसर, गाळ मिसळलेलं मीठ घालायचं आणि वरून ते पांढऱ्याने मढवायचं, हा आमच्या बंदराचा शिरस्ता होता. मिठागराच्या बांधापासून धक्क्यापर्यंत जेवढ्या राशी उभ्या असत, तेवढ्या सगळ्या अशाच नटलेल्या. गिऱ्हाईकही तयारीचं. चिखल धरूनच भाव पाडून मागायचं. सगळेच फसवत असल्यामुळे कुणाला फसवल्यासारखं वाटत नव्हतं. माझ्या सासूबाई तर राशीला मीठ चढवताना ओव्या म्हणत.

लढाईच्या दिवसांत खाडीपलीकडून एक कोकणी मुसलमान व्यापारी आला आणि त्याने आमच्या शेजारचं मिठागर खंडाने घेतलं. गाव त्याला शेठ म्हणायचं. पहिल्याच मोसमात त्याने धक्क्यावर अशी रास लावली, की बंदरावरची माणसं पाट्या खाली ठेवून बघत बसली. करडं, ओलं मीठ सगळं वर. रास कसली, आजारी म्हैस बसल्यासारखी दिसत होती.

"शेठ," मामंजी ओरडले, "रास उलटी झाली तुमची! आतलं बाहेर आलंय!"

शेठ हसला. म्हणाला, "आमचे पैगंबर एकदा बाजारात गेले होते. धान्याच्या राशीत हात घातला तर आत ओलं लागलं. त्यांनी त्या दुकानदाराला विचारलं, हे वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. तेव्हापासून आम्हाला ओलं वर."

"मग खपेल कसं?"

"ते बघू ना."

खपलं नाही. आमच्या बंदराला पुरेपूर ओळखणारं गिऱ्हाईक त्या राशीपाशी थांबायचं, डोकं खाजवायचं आणि पुढे जायचं. 'वर जर हे असं, तर आत काय भरलं असेल, देव जाणे!' खरेपणाची सवय नसली की हे असं होतं. शेवटी डोंगरी गावची एक बाय, मासे खारवून विकणारी, घाईत होती म्हणून तीच रास घेऊन गेली. करडा थर खरवडला तर खाली तळापर्यंत दूध. पुढच्या फेरीला ती आपल्या जावा, नणंदा आणि अर्धी डोंगरी घेऊन आली.

त्याच सुमारास शेठचा मिठाने भरलेला मचवा खाडीच्या तोंडाशी बुडाला. माणसं वाचली. मचव्याचा तांडेल आमच्या ओसरीवर येऊन ढसाढसा रडला, कारण आमच्याकडे असं झालं की तांडेलाचा पोरगाही ते नुकसान फेडत म्हातारा व्हायचा. शेठ तिथेच आला आणि त्याला म्हणाला, "भांडवल माझं होतं, ते बुडालं. मेहनत तुझी होती, ती बुडाली. फायदा झाला असता तर दोघांनी वाटून घेतला असता ना? मग ऊठ."

मामंजी त्या दिवशी जेवताना घास हातात धरून बसले. "असा धंदा करतो," ते म्हणाले, "आणि तरी त्याच्याच राशीला रांग लागतेय. काय गोम हाय ह्यात?"

दोन घास खाऊन त्यांचं तोंड उजळलं. त्यांना गोम सापडली होती. मचवा नाही, भागीदारी नाही, पैगंबरांची गोष्ट नाही. गोम होती वरच्या ओल्या मिठात!

मधल्या काळात गावाने शेठला बंदराचा पंच केलं होतं. कुठली रास कशी आहे ते त्याने सांगायचं आणि गिऱ्हाइकाने मानायचं. आधी तो तयारच होईना. मग म्हणाला, "होतो. पण मला जाब विचारायचा हक्क प्रत्येकाला हवा, पाटी वाहणारीलासुद्धा." लोकांना वाटलं, विनयाने बोलतोय. हो म्हणून मोकळे झाले.

आणि मग, दुपारी बंदर पेंगत असताना, आमच्या घराने ती ऐतिहासिक रास रचली. तळाला चिखल, नेहमीसारखा. त्यावर पांढरं मीठ. आणि सगळ्यांत वर, शेठसारखा, ओला करडा थर! पांढरं किती जाड ठेवायचं यावर मोठी चर्चा झाली. गिऱ्हाईक कोपरापर्यंत हात घालतं. म्हणून मामंजींनी मला हात घालायला लावला. पांढरं आलं. पण माझा हात आखूड, म्हणून सासूबाईंचा घातला. त्यांनाही पांढरं आलं. सासूबाई म्हणाल्या, "डोंगरीच्या बायचा हात माझ्याहून लांब हाय हो." मग आणखी दोन पाट्या चढवल्या. पदर तोंडात कोंबून मी हसत होते. इतकी मजा त्या घरात मला तोवर आली नव्हती.

शेठ पाहणीला आला. वरचा ओला थर दिसला आणि तो जागीच थांबला. मामंजींकडे बघताना त्याचा चेहरा असा झाला, जसा घरी पाळणा हलल्यावर माणसाचा होतो. हात घालायला त्याने बाही वर केली होती, ती त्याने पुन्हा खाली सोडली.

"घाला की हात," मामंजी म्हणाले. केवढी छाती!

"आता हात घालणं म्हणजे तुमचा अपमान," शेठ म्हणाला. आणि मागे उभ्या असलेल्या डोंगरीच्या बायला त्याने सांगितलं, "ही माझीच रास समज."

माझं हसू तिथे थांबलं. सासूबाई राशीकडे पाठ करून उगीच पाटी झटकू लागल्या.

बायने शेठच्या शब्दावर गाडी भरली; तळाचा चिखलही वरचंच करडं मीठ म्हणून खपला. पंधरवड्याने बाय आली, ती गाडीत टोपल्या भरून. धक्क्याच्या मध्यावर, शेठच्या पुढ्यात, तिने एकेक टोपली उपडी केली. काळे पडलेले, बुळबुळीत झालेले बांगडे. वास असा सुटला की बैलसुद्धा मान फिरवू लागले.

"घे! तुझीच रास ना? पावसाळ्याची बेगमी हाय ही माझी! बघ, चिखलात पुरली तू ती!"

मामंजी पुढे झाले. ते काही बोलणार, तोच शेठने त्यांना हाताने थांबवलं. एक बांगडा उचलला, बोटाने कल्ल्यातला गाळ काढून पाहिला. मग बायला म्हणाला, "माझ्या राशीतलं लागेल तेवढं मीठ भर. आणि मासळीचं नुकसान माझ्याकडे." जमलेल्या गावाकडे वळून तो म्हणाला, "पंचपण मी सोडलं. दुसरा बघा."

"शेठ," मामंजींचा आवाज चिरकला, "रास माझी. तुम्ही कशाला सोडता?"

"तुम्ही मीठ दिलंत. शब्द मी दिला, न बघता. गावाची अमानत होती माझ्याकडे. ती जपायची सोडून मी तुमचं मन जपलं."

एवढंच. ना शिवी, ना टोमणा. शिव्या दिल्या असत्या तर मामंजींनी चार परत दिल्या असत्या आणि दोघं मोकळे झाले असते. बाय मात्र आमच्या दिशेने थुंकली आणि गाडी भरायला गेली. बांगडे आम्हीच उचलले, सासूबाई आणि मी. त्या ओव्या म्हणत नव्हत्या.

नुकसान तेवढ्यावर थांबलं नाही. ओला थर पाहून विश्वास ठेवायचा ही नुकती कुठे रुजलेली गोष्ट आम्ही बंदरावरून उपटून टाकली होती. गिऱ्हाईक शेठच्याही राशीकडे पुन्हा संशयाने बघू लागलं. त्यामुळे पुढच्या मोसमात शेठ आपली प्रत्येक रास फावड्याने वरपासून तळापर्यंत फोडून दोन भाग करून ठेवायचा. दुप्पट काम. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटलेला मी रोज बघायचे.

मामंजींनीही फावडं घेतलं. त्या वर्षी त्यांनी चिखलाचं मीठ सगळं खाडीत लोटलं, निखळ पांढरी रास लावली आणि भर बाजारात स्वतःच्या हाताने फोडली. मग फावड्यावर टेकून वाट बघत राहिले. लोक दुसऱ्या बाजूने वळून जात होते.

शेठ तेवढा आला. तो आता पंच नव्हता, त्याने यायची गरज नव्हती. राम राम केला. मग बाही खांद्यापर्यंत वर केली, वाकला, आणि फोडलेल्या राशीच्या दोन्ही भागांत हात घातला, पार खांद्यापर्यंत. आत बोटं फिरवली. मूठभर मीठ बाहेर काढून उन्हात धरलं. मामंजी आपल्या पायांकडे बघत उभे होते.

"चांगलं आहे," हात झटकत शेठ म्हणाला. मग त्याने बायला हाक मारून तेच सांगितलं, आणि बायने ती रास घेतली.

मामंजी घरी आले. माल खपला म्हणून सासूबाईंनी गोड केलं होतं. ताट तसंच ठेवून ते भिंतीकडे तोंड करून झोपले.