धुऱ्यावरचा दगड

माझा मुलगा फौजेत आहे. मागच्या साली त्याला आफ्रिकेत धाडला, शांतिसेनेची निळी टोपी घालून, दुसऱ्यांची भांडणं थांबवायला. तो तिकडे असतानाच त्याची माय मेली. पोचणं त्याला जमलं नाही. अग्नी मीच दिला. पुतण्या पुढे झाला होता, त्याला हाताने मागे लोटलं. त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या लहान भावाने, दर नांगरटीला दोन वावरांमधला धुरा कोरून कोरून आमच्या वावराचे चार तास, नांगराच्या चार ओळी, गिळले होते. बायको त्याच्या ट्रॅक्टरपुढे आडवी उभी राहायची. मरायच्या आठ दिवस आधीही उभी होती.

तीन महिन्यांनी पोरगा सुटीवर आला. मी म्हटलं, "चाल वावरात. काकाले सांग, धुरा होता तिथं ने म्हना."

"बाबा, तिकडं दोन जमाती गुरायच्या पाण्यासाठी एकमेकायले मारतात. आमी मधात गाडी लावून उभे राहतो. कोनाची बाजू घेत नाही, म्हनून तं भारताची तुकडी आली की दोन्हीकडचे ऐकतात."

"म्हंजे चोर अन् ज्याची चोरी झाली तो, दोघं सारखेच?"

"तसं नाही. पन मरनं तं थांबते."

"थांबव बे तिकडचं. तुई माय मेली तवा कुठी होता?"

असं बोलायला नको होतं, लोक म्हणतील. म्हणू द्या.

सकाळी तो एकटाच काकाकडे गेला, त्याला वावरात घेऊन आला, मलाही बोलावलं. दोरी धरली. दोन तास भावाला, दोन मला, अन् मधात दगड रोवला. भाऊ लगेच कबूल. काऊन नाही होणार? चोरलेले दोन तास पक्के झाले. वर मला म्हणतो, "दादा, पोरगं शिकून आलं हो!" मी थुंकलो.

देशाचं नाव होते म्हणे बाहेर. होऊ द्या. पण ते तास माझ्या बायकोचे होते. वाटायच्या आधी कोणी कोणाला विचारलं?

सुटी संपली. पोरगा पाया पडला, मी डोक्यावर हात ठेवला नाही. तो शेगावहून गाडीत बसला त्याच दिवशी मी लोखंडी सब्बल घेऊन वावरात गेलो. दगड उपटला आणि बायको उभी राहायची तिथे, जुन्या धुऱ्यावर, नेऊन ठोकला. भाऊ त्याच्या विहिरीजवळ होता. फावडं उचलून तो माझ्याकडे यायला लागला.

मी सब्बल खाली ठेवली नाही.