शंभरवाल्या सरांनी मला ऐंशीला बसवलं

आमच्या शॉर्टहँडच्या सरांना ऐंशी या आकड्याचा भारी राग. मिनिटाला ऐंशी शब्द लिहिणं ही परीक्षेची खालची पायरी, शंभर ही वरची. सर म्हणायचे, "ऐंशीच्या स्पीडनं तर भाजीवाली भाव सांगते, त्याची काय परीक्षा देता?" त्यांच्या क्लासातलं पोट्टं बसेल तर शंभरलाच. म्हणून रायपुरात तात्यापाऱ्यापासून ब्राह्मणपाऱ्यापर्यंत सगळे त्यांना शंभरवाले सर म्हणत. खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक.

क्लास म्हणजे त्यांच्याच घराची वरची खोली. डाव्या हातात घड्याळ, उजव्या हातात पेपर, आणि सर जे सुटायचे! मध्येच काकू जिन्यातून ओरडायच्या, "भाजी कोणती करू?" सर वाचण्याचा वेग तसूभर कमी न करता सांगायचे, "दोडके नको भेंडी कर मीठ बेतानं." आम्ही खाली मान घालून तेही लिहायचो. मग उलगडून वाचताना मंत्र्याच्या भाषणात भेंडी निघायची आणि खोली हसून हसून लोळायची. सर मात्र गंभीर. "हसता काहून? कानावर आलं ते कागदावर आलं पाहिजे. बराबर लिहिलं."

मी त्या खोलीत गेले तेव्हा मला दोन शाळकरी लेकरं होती. छत्तीसगड नुकतंच वेगळं झालेलं, रायपूर राजधानी झालेलं. रोज एक नवं ऑफिस उघडायचं, रोज एक नवी पाटी लागायची. नुसतं रस्त्यानं चाललं तरी अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं! आमच्या घरी मात्र उलटं. यांची मिल बंद पडलेली. अमरावतीहून दिरांचा सारखा निरोप, बिऱ्हाड उचला, आमच्या दुकानावर या. मला काही रायपूर सोडायचं नव्हतं. एका नव्या ऑफिसात स्टेनोची जागा निघाली होती. प्रमाणपत्र मिळालं तर अर्ज, नाहीतर अमरावती. पुढची परीक्षा होईपर्यंत ती जागा थोडीच थांबणार होती!

सरांनी माझी वही पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शॉर्टहँड लिहून राहिल्या का रांगोळी काढून राहिल्या?" पण शिकवलं असं, की चार महिन्यांत माझा हात पळायला लागला. एकच खोड राहिली. वाक्य कुठं संपलं ते नीट ऐकू आलं नाही, की माझी पेन्सिल जागच्या जागी थबकायची. तरी फॉर्म भरला तो शंभरचाच. जागेला ऐंशी पुरत होते, पण हे सरांसमोर बोलायची कोणाची छाती! आणि खरं सांगू का, मलाही शंभरची चढली होती.

परीक्षेच्या दिवशी सरांची एक रीत होती. मजकूर वाचायला बाहेरगावचा माणूस यायचा. सर त्याला परीक्षा केंद्राच्या फाटकाजवळच्या टपरीवर गाठायचे, चहा पाजायचे, उगाच घरच्यादारच्या गोष्टी विचारायचे. का, तर त्याचा आवाज ऐकायला. एरवी हसत परत यायचे. त्या दिवशी मी मैदानात पेन्सिलींना टोकं करत बसले होते, तर सर धोतर सावरत पळत आले. हातात चहाचा ग्लास तसाच.

"बाई, उठा! ऐंशीला बसा!"

मला वाटलं, सरांचं डोकं फिरलं. "सर, काहून?"

"तो वाचणारा वाक्याचं शेपूट गिळते. ऐंशीत चालून जाईल. शंभरात तुमचा हात थांबेल, मले माहीत आहे."

"आणि तुमच्या क्लासाचं नाव?"

"नाव गेलं चुलीत! क्लासाले नोकरी नाही लागायची, तुम्हाले लागायची आहे. चला!"

ऐंशीवाल्यांचं आधी असायचं. ते आत जाऊन बसले होते, घंटा व्हायची तेवढी बाकी. सर मला घेऊन तसेच केंद्रप्रमुखांच्या टेबलापाशी. ते बघतच राहिले. "सर, आप? अस्सी में?" शेजारी दुसऱ्या क्लासचे मास्तर उभे होते, ते मोठ्यानं हसले, "आज तो सौवाले सर भी उतर गए!" सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण म्हणाले एवढंच, "हव, उतर गए. आप दस्तखत कीजिए."

घंटा झाली आणि मी धावले! पदर एकीकडे, पेन्सिली एकीकडे. शेवटच्या बाकावर टेकते न टेकते तोच आवाज सुरू. खरंच तो बाबा शेवटचे शब्द तोंडातच ठेवत होता. पण ऐंशीला मला श्वास घ्यायला फुरसत होती. गिळलेलं शेपूट मी मागच्या शब्दांवरून ओढून काढत होते. लिहिता लिहिता मला चक्क हसू येत होतं. येतंय, मला येतंय! बाहेर आले तेव्हा सर तिथंच उभे होते, गार चहाचा ग्लास धरून. माझं तोंड पाहिलं आणि तो चहा घटाघटा पिऊन टाकला.

मी पास झाले. सरांची दोन पोट्टी त्या दिवशी शंभरला बसली होती, त्यातलं एक पास झालं, एक राहिलं. म्हणजे माझं काय झालं असतं, देव जाणे. मी पेढे घेऊन गेले तर सरांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं, "आता शंभरले कधी बसता?" मी हो हो म्हटलं. पण नोकरी लागली, लेकरांच्या शाळा, स्वतःचं घर झालं चौबे कॉलोनीत, आणि ते राहूनच गेलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी सर गेले, ते माझं ऑफिस सुटायच्या वेळेला. काकूंचा फोन आला तशी रिक्षा केली आणि ब्राह्मणपाऱ्यात सरांच्या घरी पोचले. त्यांचा मुलगा पुण्याहून अजून निघायचा होता. घरात काकू एकट्या. माझा हात धरून म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू गावातच आहेस."

कोणामुळे आहे, ते त्यांना त्या वेळी काय सांगू?