मास्तरांचा वेटसूट

मास्तर शिंपी होते. गळ्यात टेप अडकवून ते दुकानाच्या दारात उभे असत, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. पाठीमागे काय म्हणत, तेही मास्तरांना ठाऊक होतं. कापड हातात आलं की त्यांची कात्री लोण्यातून फिरावी तशी फिरायची. पोक आलेला माणूस त्यांच्या कोटात ताठ दिसायचा आणि सुटलेलं पोट कुठे गडप व्हायचं, ते पोटाच्या मालकालाही कळायचं नाही. पण कपडा वेळेवर? तेवढं सोडून बोला. "उद्या संध्याकाळी" हे दोन शब्द त्यांनी तीस वर्षांत इतक्या वेळा उच्चारले होते की झोपेत हलवलं तरी तेच तोंडातून येतं, असं त्यांची बायको शेजारणींना सांगायची.

चोपन्नाव्या वर्षी मशीनवर वाकून वाकून कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, पोहा. मास्तर पोहायच्या तलावावर जाऊ लागले. एका रविवारी तिथे कुणीतरी पाठीला सिलिंडर बांधून पाण्याखाली न्यायची चाचणी ठेवली होती. रांग दिसली म्हणून मास्तर रांगेत उभे राहिले आणि पाच मिनिटांनी तलावाच्या तळाशी गुडघे टेकून बसले. कानात फक्त स्वतःचा श्वास. दुकानाची घंटा नाही, फोन नाही, "मास्तर, झालं का हो?" नाही. पाण्याखाली माणसाला बोलताच येत नाही, हा शोध त्यांना इतका आवडला की वर आल्याआल्या त्यांनी विचारलं, "ह्याचा पूर्ण कोर्स असतो का?"

कोर्स होता. अडचण होती पोशाखाची. समुद्रात उतरायचं तर अंगाला घट्ट बसणारा रबरी वेटसूट हवा, आणि भाड्याचा एकही वेटसूट मास्तरांच्या पोटावरून पुढे सरकेना. चाळीस छाती, सेहेचाळीस पोट. "स्वतःचा करून घ्या," शिकवणारा म्हणाला.

गावात डायव्हिंगची दोन दुकानं होती. पोस्टाच्या वरच्या मजल्यावरचं दुकान एक बाई चालवायची, तिला सगळे फॉर्मवाली म्हणत. तिने मास्तरांना पाच पानी फॉर्म दिला. त्यात "पोहता येतं का?" हा प्रश्न दोनदा होता. मास्तरांनी एका ठिकाणी "हो" लिहिलं, दुसऱ्या ठिकाणी "बऱ्यापैकी". उत्तरं जुळत नाहीत म्हणून फॉर्म परत आला. तिसऱ्या खेपेला तिने निदान पायात घालायचे रबरी बूट तरी दाखवले. दोन्ही डाव्या पायाचे निघाले.

"उजवे सर्व्हिसिंगला गेलेत," फॉर्मवाली म्हणाली.

दुसरं दुकान धक्क्याजवळ. त्याच्या मालकाला कप्तान म्हणत. जहाज त्याने लांबूनच पाहिलं असावं, पण टोपी अस्सल होती. त्याने मास्तरांचं माप घेतलं, आणि तीस वर्षांत प्रथमच मास्तर टेपच्या आतल्या बाजूला उभे राहिले. कप्तानने टेप शर्टावरूनच गुंडाळला. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर होतं.

"टेपला पीळ पडलाय," मास्तर म्हणाले.

"काका, हे रबर आहे. रबर ताणलं जातं. कापडासारखे नखरे नसतात त्याचे."

"अहो, पण खिशात चष्म्याचं घर आहे माझ्या!"

"असू दे की. श्वासाला तेवढीच जागा राहील." कप्तानने आकडे बिलाच्या पाठीवर खरडले. "तीन आठवड्यांनी या."

मास्तर तीन आठवड्यांनी गेले. मग पाच, मग आठ. पहिल्यांदा कप्तान म्हणाला, माल वाटेत आहे. मग म्हणाला, माल आलाय पण रंग चुकलाय. मग म्हणाला, कारागिराची सासू आजारी आहे. शेवटचं कारण ऐकून मास्तरांनी जाणकारासारखी मान हलवली. सबब म्हणून सासू कच्ची होती. आपण असतो तर कारागिरालाच आजारी पाडलं असतं. सासूची तब्येत कुणीही विचारून येतं. परत येताना ते स्वतःशीच म्हणाले, 'चोराच्या वाटा चोराला ठाऊक,' आणि त्यांना हसू आलं. पण हसणं कोपऱ्यापर्यंतच टिकलं, कारण दर वेळी रिकाम्या हाताने घरी गेल्यावर बायको शिवणातून मान वर न करता विचारायची, "झालं का?"

बाराव्या आठवड्यात मास्तरांचा तोल सुटला. कप्तानच्या काउंटरवर हात आपटून ते म्हणाले, "माणसाच्या शब्दाला काही किंमत असावी! दिवस पाळता येत नसेल तर देऊ नये! गिऱ्हाईक काय रिकामटेकडं असतं?"

मागून कुणीतरी खाकरलं. मास्तरांनी वळून पाहिलं. निवृत्त मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. बाईंनी निवृत्तीनंतर डायव्हिंग शिकून घेतलं होतं, त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांचा तपकिरी कोट मास्तरांच्या दुकानात खिळ्याला लटकत होता, त्याला सात महिने झाले होते.

"छान बोललात, मास्तर," बाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा सांगता? लिहून घेते."

मास्तरांना धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण धरणीलाही सेहेचाळीसचं माप झेपलं नसतं.

त्याच आठवड्यात वेटसूट आला. बाह्या गुडघ्यापर्यंत, कंबर शाळकरी पोराची आणि छातीवर डाव्या बाजूला चष्म्याच्या घराएवढा फुगा.

"पाण्यात बसेल," कप्तान म्हणाला.

'धुतल्यावर बसेल' हे वाक्य मास्तरांनीच गावात रुजवलं होतं. ते वेटसूट काखोटीला मारून घरी आले.

"परत का नाही केलात?" बायकोने विचारलं.

"मी शिंपी आहे," मास्तर छाती फुगवून म्हणाले. "हे काय, पॅन्टचंच काम."

रविवारी दुपारी त्यांनी बाह्या कापल्या, फुगा काढला, उरलेल्या रबराच्या पट्ट्या दोन्ही कुशींना जोडल्या आणि जाड सुई लावून दुहेरी टीप मारली. आरशात पाहिलं तर पोट गडप. त्यांनी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "सर्कशीतल्या सीलसारखे दिसताय." मास्तरांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

पुढच्या रविवारी कप्तानच्या नावेतून आठ जण निघाले. पाण्याखाली प्रत्येकाला जोडीदार लागतो. एकमेकांवर नजर ठेवायची असते. कप्तानने यादी वाचली. मास्तरांच्या नावापुढे बाई होत्या.

"माझी नजर आहेच तुमच्यावर," बाई म्हणाल्या.

पाण्यात उतरताच मास्तरांच्या दोन्ही कुशींतून थंडगार पाणी आत शिरलं. प्रत्येक टाक्यातून एक एक सुई टोचावी तसं. तरी ते खाली गेले. शिंपी माघार घेईल, पण टीप चुकली असं कबूल करणार नाही. खाली वाळू होती, खडक होते, पट्ट्यापट्ट्यांचे मासे होते आणि तीच ती शांतता. कुडकुडतानाही मास्तरांना बरं वाटलं. इथे कुणी काही विचारू शकत नव्हतं.

तेवढ्यात बाईंनी त्यांच्या खांद्यावर टकटक केलं. पाण्याखाली लिहायची छोटी पाटी बाईंच्या पट्ट्याला बांधलेली होती. त्यांनी ती मास्तरांच्या मास्कच्या काचेसमोर धरली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "कोट?"

मास्तर इतके दचकले की तोंडातली नळी निसटायची राहिली. त्यांनी घाईघाईने पेन्सिल घेतली आणि सवयीने लिहिलं, "उद्या". बाईंनी ते वाचलं, पुसलं आणि पाटीवर मोठा भोपळा काढून परत दाखवला.

वर येऊन मास्तर नावेच्या शिडीवर चढले, तेव्हा खरी गंमत झाली. आत शिरलेलं पाणी पायांत उतरलं, पाय हत्तीचे झाले आणि मास्तरांनी जोर लावताच सगळ्या टाक्यांतून बारीक चिळकांड्या उडाल्या. दोन्ही कुशींतून झारीसारखं पाणी. नावेतली माणसं हसून हसून एकमेकांवर कलंडली. मास्तर शिडीवर अर्धवट लटकलेले, ना धड वर ना धड खाली. पहिल्यांदा त्यांना राग आला. मग त्यांनी स्वतःकडे खाली पाहिलं आणि तेही हसू लागले. हसल्यामुळे चिळकांड्या आणखी उंच गेल्या.

एकटा कप्तान हसला नाही. त्याने मास्तरांना वर ओढलं, टोपी मागे सारली आणि शिवणीवर बोट फिरवलं.

"कुणी शिवलं हे?"

"मी."

"सुई आरपार घातलीत. आधी सांधा चिकटवायचा, मग सुई अर्ध्याच जाडीतून फिरवायची. भोक पलीकडे पडता कामा नये." तो आणखी वाकला. "पण कट झकास आहे, काका. असा कट मला जन्मात जमायचा नाही."

"ते दिसलंच," मास्तर दात वाजवत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडलं आणि घंटेकडे लक्ष न देता तपकिरी कोट खाली घेतला. बटणं लावली, अस्तर तुरपलं, इस्त्री केली आणि कोट हातावर टाकून स्वतः बाईंच्या घरी गेले. बाईंनी तो घातला. खांदे, बाह्या, कंबर, सगळं जिथल्या तिथे. बाई आरशासमोर दोनदा वळल्या.

"ह्याला किती वेळ लागला हो?"

"दोन तास, बाई."

"मग सात महिने काय करत होतात?"

मास्तरांनी खरंच विचार केला. "उद्या म्हणत होतो," ते म्हणाले.

बाईंनी त्यांना चहा दिला.

वेटसूट कप्तानने नीट चिकटवून दिला. गुरुवारचा वायदा होता, गुरुवारीच दिला, फक्त दोन गुरुवार सोडून. आता ठेंगण्याठुसक्या किंवा पोटवाल्या गिऱ्हाइकाचं माप असलं की कप्तान निरोप धाडतो आणि मास्तर टेप घेऊन धक्क्यावर जातात. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एका बँकेचा रखवालदार होता, दार भरून टाकणारा. मास्तरांनी त्याचे खिसे रिकामे करायला लावून अकरा मापं घेतली.

"कधी मिळेल?" रखवालदाराने विचारलं.

कप्तानने तोंड उघडलं, पण मास्तरांनी त्याचा हात दाबला. "खरं सांगू? सात आठवडे."

"सात?" रखवालदार म्हणाला. "पोस्टावरच्या त्या बाई तर दहा दिवसांत देते म्हणाल्या." आणि तो चपला घालून निघून गेला.

दोघं दारात उभे राहून त्याची पाठ पाहत राहिले.

"चांगलं गिऱ्हाईक होतं," कप्तान म्हणाला.

"पोट पन्नास," मास्तर म्हणाले. "मजा आली असती."