मिस व्हर्डीनची बारा मिनिटं

व्हर्डीन स्पर्लॉक चर्चमध्ये प्रार्थनेलासुद्धा एकच डोळा मिटायची. दुसरा उघडा, कोण काय करतंय ते बघायला. तिचा नवरा डेल म्हणायचा, "चौतीस वर्षं झाली लग्नाला, अजून ही माझ्या बुटांचा वास घेऊन ठरवते मी कुठे गेलो होतो ते." यात त्याने काही वाढवून सांगितलेलं नव्हतं.

पण तिच्या संशयाला कारण होतं. तिचा बाप ज्या खाणीत छताखाली गाडला गेला, त्या खाणीचं छत मजबूत आहे असं कागदावर सहीनिशी लिहिलेलं होतं. व्हर्डीन तेव्हा नऊ वर्षांची होती. सही दिसली की ती कागद दोनदा उलटून बघायची.

केंटकीच्या डोंगरातल्या डोव्ह क्रीक प्राथमिक शाळेत ती एकोणीस वर्षं कार्यालय सांभाळत होती आणि दर एप्रिलला राज्याच्या परीक्षेचं कपाटही. मास्तर मंडळी तिला वैतागायची, पण कपाट तिच्या हाती आहे म्हणून निर्धास्तही असायची. या परीक्षेत पोरांना पडणारे गुण फार मोलाचे. सलग तीन वर्षं कमी आले, की शाळा बंद करून पोरांना डोंगरापलीकडच्या शाळेत धाडतात, बसने सव्वा तास. आमच्या शाळेची अशी दोन वर्षं भरली होती.

तिसऱ्या वर्षी मात्र चौथीचे गुण असे उसळले, की मुख्याध्यापक हार्लन कॉम्ब्सने दुपारच्या जेवणात सगळ्यांना पीच कॉब्लर, म्हणजे पीचचं गोड पक्वान्न, वाढलं. चौथी कॉलीन टॅकेटची. सत्तावीस वर्षांची पोरगी, परीक्षेच्या वेळी घरी चार महिन्यांचं बाळ. व्हर्डीनने कॉब्लर खाल्लं आणि मनात म्हटलं, त्याच पोरांनी तिसरीत दिवे लावले होते, अचानक हे कुठून आलं?

सप्टेंबरात पत्र आलं. पाकीट व्हर्डीननेच फोडलं. चौथीच्या उत्तरपत्रिकांत खाडाखोड बेसुमार आहे, चुकीचं उत्तर खोडून बरोबर केलेलं, असं यंत्राने पकडलं होतं. चौकशी होणार. शिक्षिकेला तपशील सांगायचा नाही, फक्त 'गैरप्रकाराचा संशय' एवढंच.

"वाटलंच होतं मला," व्हर्डीन घरी डेलला म्हणाली.

"तुला कधी वाटत नाही?" डेल म्हणाला आणि मक्याचा कॉर्नब्रेड बीन्सच्या रश्शात कुस्करू लागला.

राजधानीहून प्रॅटर नावाचा अधिकारी आला. व्हर्डीनने त्याला लेखी जबाब दिला: परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी कॉलीन टॅकेट दार लावून उत्तरपत्रिकांसह बारा मिनिटं एकटी होती, पोरं मैदानावर होती. मी घड्याळात पाहिलं. खाली सही. जबाब देणाऱ्याचं नाव गुप्त राहील, असं प्रॅटर म्हणाला. व्हर्डीनचा त्यावरही विश्वास बसला नाही, पण तिने सही केली.

मग शाळेत संशयाची भुतं फिरू लागली. शिक्षक एकमेकांशी कुजबुजत, कुणी आलं की गप्प होत. दोन आयांनी आपल्या पोरींना दुसऱ्या शाळेत हलवलं. कॉलीन एकटी पडली. ती रोज दुपारी आपला डबा घेऊन व्हर्डीनच्या टेबलाशी येऊन बसायची.

"मिस व्हर्डीन, ते चौकशीवाले सारखं विचारतात, बारा मिनिटं काय करत होतीस?" एकदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाळासाठी दूध काढत होते हो. अनोळखी पुरुषाला कसं सांगू? शेवटी सांगितलं, तर तो म्हणाला साक्षीदार आहे का! याला साक्षीदार कोण बोलावतं?"

"खरंच की," व्हर्डीन म्हणाली आणि मनात म्हणाली, बाई, उत्तर फार छान जुळवलंयस. खाडाखोडीबद्दल तिला कुणी विचारत नव्हतं आणि व्हर्डीनने सांगितलंही नाही. चोराला आपणच कशाला सावध करायचं?

ऑक्टोबरात सराव परीक्षा होती. पाचवीतली टेसा तापातून उठून उशिरा आली, म्हणून ती व्हर्डीनच्या खोलीत बसली. गेल्या वर्षी ती कॉलीनच्या वर्गात होती. पेपर हातात पडल्याबरोबर न वाचता तिने प्रत्येक प्रश्नाच्या चार पर्यायांतले 'सी'चे गोल खालपर्यंत भराभर रंगवले.

"अगं ए! प्रश्न कोण वाचणार, तुझी आजी?"

"वाचते ना. मिस कॉलीनने शिकवलंय," टेसा मान वर न करता म्हणाली. "आधी सगळ्या सरींत बियाणं टाकायचं, एकही रिकामी नको. मग एकेक प्रश्न वाचायचा, चुकलेलं उपटायचं. वेळ संपली तरी शेत ओसाड नाही!"

आणि ती पहिल्या प्रश्नावर आली, विचार केला, 'सी' खोडला, 'ए' रंगवला. दुसऱ्यावर आली, 'सी' खोडला, 'डी' रंगवला.

व्हर्डीन टेसाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. चारातली तीन बरोबर उत्तरं अशी खोडूनच येणार. यंत्राने किती खोडलं ते मोजलं होतं, काय खोडलं ते कुणी पाहिलंच नव्हतं. आणि जिने हे शिकवलं तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिने तिथूनच प्रॅटरला फोन लावला. "खोडलेले गोल कुठले आहेत ते बघा. सगळे 'सी'चे असले तर तोंड उघडून मला सांगा."

चार दिवसांनी उत्तर आलं. सगळे 'सी'चेच होते. चौकशी मिटली. हार्लनने सगळ्यांसमोर कॉलीनचा हात हातात घेतला.

जबाब कुणाचा, हे कुणालाच कळलं नव्हतं. व्हर्डीनने गप्प बसायचं ठरवलं असतं तर ते कायमचं गाडलं गेलं असतं. पण तीन दिवस डेलच्या बुटांकडेही तिचं लक्ष गेलं नाही. चौथ्या दुपारी कॉलीन डबा घेऊन नेहमीसारखी आली, तेव्हा ती म्हणाली, "कॉलीन, ती बारा मिनिटं मी लिहून दिली होती."

कॉलीनचा चमचा डब्यातच राहिला.

"मी हार्लनवर संशय घेत होते," ती म्हणाली. "समोरच्या वर्गाला शिकवणाऱ्या लोरेटावर घेत होते. घरी नवऱ्यावरसुद्धा, की हा कुठे बोलला असेल. मिस व्हर्डीन, मी रोज इथे येऊन का बसत होते माहितीय? अख्ख्या शाळेत एकटं तुमच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनात आलं नाही."

तिने डब्याला झाकण लावलं आणि ती आपल्या वर्गात जेवायला गेली.