नत्थूजींची निळी घडी

नाचणगावात कुणाकडे लग्न ठरलं की हॉल नंतर, बँड नंतर, आधी माणूस सरिता थूलच्या दारात येतो. पत्रिका तीच करते. बाहेरच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर आणि त्याच खोलीत तिच्या सासऱ्यांची, नत्थूजींची खाट. गिऱ्हाईक मजकूर सांगतं आणि नत्थूजी खाटेवरूनच कुठला मामा राहिला, कुठली आत्या गाळली ते सांगतात. गावाची सोयरीक त्यांना तोंडपाठ. त्यांच्यामुळे दोनतीन घरांतले रुसवेफुगवे छापण्याआधीच मिटले आहेत.

ही सून कॉम्प्युटरपाशी बसली ती सासऱ्यांमुळेच. लग्न होऊन आली तेव्हा ती बारावी होती, आणि नत्थूजी पुलगावच्या मिलमध्ये. पाळी सुटली की घरी यायचे, चहा घ्यायचे आणि सुनेला सायकलच्या कॅरिअरवर बसवून पुन्हा पुलगावला, टायपिंगच्या क्लासला न्यायचे. क्लास सुटेस्तोवर समोरच्या पानठेल्यावर बसून राहायचे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? "सुनेले काऊन फिरवून राह्यले जी?" असं एकानं विचारलंच. नत्थूजी म्हणाले, "तुह्या सुनेचं नाव सांग. उद्या तिलेबी नेतो." पुढं कॉम्प्युटरचा कोर्सही त्यांनीच करायला लावला. सरिता आजही सांगते, जन्म आईबापानं दिला, पण हाताला काम मामाजींनी दिलं. विदर्भात सासऱ्याला मामाजीच म्हणतात.

अशा माणसाला कंपवातानं धरलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली: गोळी वेळेवर गेली पाहिजे. वेळेवर गेली तर नत्थूजी अंगणात जाऊन फाटकापाशी उभे राहत. उशीर झाला की पाय जणू जमिनीत रोवले जात आणि उचलता उचलत नसत. मग दिवसभर एकच चालायचं. "सरिता, किती वाजले?" ती सांगायची. तिला त्याचा कंटाळा नव्हता, खरंच नव्हता. पण एकदा कामाच्या गर्दीत तिनं हातानंच "थांबा" केलं, आणि नत्थूजी भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी म्हणाले, "तुहा राग नाई पोरी. पण घडीघडी इचारा लागते, हे मले आवडत नाई. लहान पोरासारखं वाटते."

ते तिला लागलं. ज्या माणसानं तिला कधी कुणापुढं हात पसरू दिला नाही, त्याला साधी वेळसुद्धा मागावी लागावी?

भिंतीवरचं घड्याळ त्यांना दिसत नव्हतं. काटे बारीक आणि काचेवर दारातल्या उजेडाची चकाकी. मोबाइलचे आकडे तर खाटेवरून मुंग्यांएवढे. पण सरिताच्या स्क्रीनवरची पत्रिका लाल आहे की पिवळी, हे ते बरोबर ओळखत. त्यावरून तिला सुचलं. माळ्यावर जुना मॉनिटर पडून होता. तिच्या नवऱ्यानं, रत्नदीपनं, तो पुसून कॉम्प्युटरला जोडला आणि तोंड खाटेकडे केलं. आता त्यावर काट्यांचं घड्याळ तेवढं आणायचं होतं.

इंटरनेटवर घड्याळांना काय तोटा! पहिलं उतरवलं ते सोनेरी, वेलबुट्टीचं. दिसायला एकदम झकास, पण त्यात काटे शोधावे लागत. दुसऱ्यावर रोमन आकडे होते. "हे काय काड्या मांडून ठेवल्या?" नत्थूजींनी विचारलं. तिसऱ्याचा सेकंदकाटा टकटक पळायचा. ते म्हणाले, "याले थांबव बाप्पा. तो धावते अन् मी बसलेलो." चौथं साधं होतं, आणि त्यात आपल्या मनाची तबकडी बसवायची सोय होती. सरिता हरखली. हजार पत्रिका करणाऱ्या बाईला एक तबकडी काय जड? तिनं निळा रंग धरला, कारण नत्थूजींनी तोच मागितला. त्यावर मराठी आकडे, चांगले ठसठशीत. काटे पिवळे आणि बोटाएवढे जाड. सेकंदकाटा काढून टाकला. घड्याळ पडदाभर केलं.

नत्थूजी कितीतरी वेळ पाहत राहिले. "दिसते," म्हणाले. "सगळं दिसते." आणि त्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं.

इथवर सगळं छान. पण पाच-सहा दिवसांत सरिताच्या ध्यानात आलं की दुपारी मामाजी पहिल्यापेक्षा जास्तच अडकतात. फाटक तर सोडाच, मोरीपर्यंतही जाववत नव्हतं. दुखणं वाढलं असं तिनं धरलं. रात्री रत्नदीपला म्हणाली, "मी हौस करत बसली, अन् तिकडं मामाजी खालावून राह्यले." डॉक्टरकडे न्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी तिचं सहज लक्ष गेलं. दोन वाजून गेले होते. नत्थूजी हातात गोळी धरून घड्याळाकडे बघत बसले होते.

"मामाजी, घ्या ना गोळी. दोन वाजले."

"नाई वो, आत्ता दीड झाला. घडी अर्धा तास पुढं नाई का?"

सरिताला आधी हसू फुटलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. या घरातलं भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढं असतं, हा सासूबाईंचा कायदा. जिजाबाईंनी मिलच्या पाळीसाठी ते पुढं करून ठेवलं होतं, आणि घरातला जो तो बघताना अर्धा तास वजा करायचा. मिल बंद झाली, जिजाबाई गेल्या, तरी ते काटे कुणी मागं घेतले नव्हते. मोबाइलवरची वेळ खरी, पण काट्यांची घडी म्हटली की ती पुढंच असणार, ही नत्थूजींची पक्की समजूत. ते इमानदारीनं वजाबाकी करत होते आणि रोज गोळीला अर्धा तास उशीर होत होता.

तिनं समजावून पाहिलं. ते "हो" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजाबाकी. पालथ्या घड्यावर पाणी. मग तिनं ठरवलं, चाळीस वर्षांची सवय या वयात मोडायची कशाला? घड्याळच पुढं करू. पण कॉम्प्युटरचीच वेळ पुढं केली तर भलत्याच अडचणी सुरू झाल्या, साइटी उघडेनात. ती वेळ तिनं मुकाट्यानं पूर्ववत केली. शेवटी त्या घड्याळाच्याच सेटिंगमध्ये गावांची यादी सापडली. कोणत्या गावची वेळ दाखवू, असं ते विचारत होतं. आपल्यापेक्षा बरोबर अर्धा तास पुढं कोण? शोधता शोधता सापडलं: ढाका. तिनं ढाका निवडलं आणि पिवळे काटे अर्धा तास पुढं सरकले.

"म्हंजे बाबा आता बांगलादेशात राह्यते," रत्नदीप म्हणाला.

"राहू दे," सरिता म्हणाली. "गोळी तं टाइमावर घेते."

डॉक्टरांकडे जायची गरज पडली नाही. आठवड्याभरात नत्थूजींचे पाय मोकळे झाले. सरिताचा जीव भांड्यात पडला. तिनं ढाक्याचेही मनातल्या मनात आभार मानले, कधी न पाहिलेल्या गावाचे.

परवा संध्याकाळी ती एका पत्रिकेत गुंतली होती. मान वर केली तर खाट रिकामी. ती धसकून उठली. नत्थूजी बाहेर फाटकाला धरून उभे होते, आणि रस्त्यावर सायकल टेकवून कवडूजी, मिलमध्ये त्यांच्याच खात्यात काम केलेले जुने सोबती. बऱ्याच दिवसांनी भेटले होते. सरिता दारातच थांबली.

"चालतो आता," कवडूजी म्हणाले. "नत्थू, किती वाजले असन रे?"

नत्थूजींनी सावकाश मान वळवली. उघड्या दारातून निळ्या तबकडीवर सव्वापाच दिसत होते. ओठ हलले.

"पावणेपाच," त्यांनी सांगितलं. "जाय, आरामात जाय. लय टाइम हाय."